विशेष अधिकारी ते राष्ट्रीय आयोग : घटनेतील एका दुव्याचा इतिहास

दुर्बल समाजघटकांना हक्क देणे आणि ते हक्क त्यांच्या पदरात पडतात की नाही हे पाहणे, ही दोन कार्ये परस्परांहून भिन्न होत. भारताच्या राज्यघटनेने पहिले कार्य निःसंदिग्ध शब्दांत केले. दुसऱ्यासाठी तिने ३३८ वे कलम योजले. मात्र पोलिस, जमीन, पाणी आणि त्या काळी शिक्षणही राज्यांच्या कक्षेत, तर संरक्षणाच्या तरतुदींवर देखरेख केंद्राची, अशी स्थिती असल्याने या दोहोंना जोडणारा दुवा कोणता, हा प्रश्न आरंभापासूनच उपस्थित होता. या कलमाचा पुढील इतिहास हा बहुतांशी त्या दुव्याचाच इतिहास आहे.

मुंबई इलाख्याला हा प्रश्न नवा नव्हता. १९२८ साली मुंबई सरकारने स्टार्ट यांच्या अध्यक्षतेखाली दलित वर्ग व आदिवासी यांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी एक समिती नेमली होती. डॉ. आंबेडकर व अमृतलाल ठक्कर हे दोघेही तिचे सभासद होते. समितीचा अहवाल १९३० मध्ये सादर झाला आणि त्यानंतर इलाख्यात मागासवर्गीयांच्या प्रश्नांसाठी स्वतंत्र अधिकारी व खाते निर्माण करण्यात आले. सर्वसाधारण शासनयंत्रणेच्या हातून हे काम आपोआप होणार नाही, ही गोष्ट येथे स्वातंत्र्यापूर्वीच मान्य झाली होती, असे यावरून म्हणता येईल.

ऑगस्ट १९४७ मध्ये वल्लभभाई पटेल यांच्या अध्यक्षतेखालील सल्लागार समितीने घटना समितीस जी शिफारस केली, तिच्यात केंद्रात एक आणि प्रांतोप्रांती एकेक असे अधिकारी असावेत व त्यांचे अहवाल त्या त्या विधिमंडळापुढे यावेत, अशी कल्पना होती. १९४८ च्या मसुद्यातील २९९ वे कलम याच धर्तीचे होते. केंद्रातील अधिकाऱ्याचा अहवाल संसदेपुढे, राज्यातील अधिकाऱ्याचा राज्याच्या विधिमंडळापुढे, अशी त्यातील सरळ विभागणी होती. ऑक्टोबर १९४९ मध्ये मात्र हे कलम बदलण्यात आले. ‘अल्पसंख्याक’ या व्यापक शब्दाच्या जागी अनुसूचित जाती व जमाती आल्या, ही गोष्ट अभ्यासकांच्या नजरेत भरते. त्याच वेळी राज्यांतील अधिकारी गळाले, याकडे तितकेसे लक्ष गेलेले दिसत नाही. उरला तो राष्ट्रपतींनी नेमावयाचा एकच विशेष अधिकारी. त्याने सर्व देशातील संरक्षक तरतुदींची चौकशी करावी, राष्ट्रपतींना अहवाल द्यावा आणि तो संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवला जावा, एवढेच कलमात राहिले. अहवालावर पुढे काय व्हावे, याविषयी घटना मौन पाळते. राज्यांच्या विधिमंडळांचा तर उल्लेखच नाही.

नोव्हेंबर १९५० मध्ये या पदावर ल. मं. श्रीकांत यांची नियुक्ती झाली. ते ठक्करबाप्पांच्या भिल्ल सेवा मंडळाचे जुने कार्यकर्ते; तत्कालीन मुंबई राज्यातील पंचमहाल हे त्यांचे कार्यक्षेत्र. खेड्यातील विहिरीवर काय घडते, हे दिल्लीतील कचेरीत बसून कळत नाही, हे अशा कार्यकर्त्यास सांगावे लागत नव्हते. घटनेने जो दुवा गाळला होता, तो प्रशासकीय मार्गाने भरून काढण्याचा प्रयत्न या पदाच्या काळात झाला. देशाच्या निरनिराळ्या भागांत आयुक्तांची सतरा प्रादेशिक कार्यालये उभी राहिली. त्यांना राज्य सरकारांस आज्ञा देण्याचा अधिकार नव्हता. परंतु ती राज्य सरकारच्या अधीनही नव्हती, आणि त्यांचे सारे मोल याच गोष्टीत होते. तक्रारदाराला ज्यांच्याविरुद्ध सांगावयाचे, त्यांच्याच वरिष्ठांकडे जाण्यावाचून गत्यंतर नाही, अशी स्थिती त्यामुळे काही अंशी टळली.

जून १९६७ मध्ये ही कार्यालये आयुक्तांकडून काढून केंद्रातील मागासवर्ग कल्याण महासंचालनालयाकडे सोपविण्यात आली आणि सतरांची पाच विभागीय कार्यालये झाली. कल्याणकार्यात सुसूत्रता यावी, हा या फेररचनेमागील हेतू मानला तरी तिचा परिणाम विपरीत होता. योजना राबविणारे आणि योजनांची तपासणी करणारे एकाच छत्राखाली आले. घटनेने निर्मिलेला अधिकारी पदावर राहिला, त्याचे डोळे मात्र दुसऱ्याकडे गेले. यास सुधारणा म्हणणे कठीण आहे.

पुढील दशकात समन्वयाची भाषा कायद्यात शिरली. १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) कायद्याचे १९७६ मध्ये नागरी हक्क संरक्षण कायद्यात रूपांतर झाले. त्यात १५-अ हे कलम घालून राज्यांनी योजिलेल्या उपायांचा समन्वय केंद्राने साधावा व त्याचा वार्षिक अहवाल संसदेपुढे ठेवावा, असे बंधन घालण्यात आले. जुलै १९७८ मध्ये सरकारी ठरावाने बहुसदस्य आयोग नेमला गेला. भोला पासवान शास्त्री हे त्याचे पहिले अध्यक्ष. आयुक्तपद कायमच असल्याने काही वर्षे एकाच कार्यासाठी दोन यंत्रणा नांदत होत्या. अखेरचे आयुक्त ब्रह्मदेव शर्मा यांच्या अहवालांनी मात्र या दुबळ्या ठरलेल्या पदालाही किती स्पष्टपणे बोलता येते, हे दाखवून दिले.

१९९० च्या ६५ व्या घटनादुरुस्तीने आयुक्ताच्या जागी राष्ट्रीय आयोग आला आणि मार्च १९९२ मध्ये ती अमलात आली. तिच्यातील सातवे पोटकलम इतिहासदृष्ट्या विशेष लक्षणीय आहे. अहवालाचा जो भाग राज्याशी संबंधित असेल, तो राज्यपालांकडे जावा आणि केलेल्या कारवाईच्या व शिफारशी नाकारल्यास त्याच्या कारणांच्या निवेदनासह राज्याच्या विधिमंडळापुढे यावा, असे ते सांगते. १९४९ मध्ये गाळलेला दुवा अशा रीतीने चार दशकांनंतर, निराळ्या रूपाने का होईना, घटनेत परतला. महत्त्वाच्या धोरणविषयक बाबींत केंद्राने व प्रत्येक राज्याने आयोगाचा सल्ला घ्यावा, असेही नववे पोटकलम बजावते. चौकशीपुरते दिवाणी न्यायालयाचे अधिकार आयोगाला मिळाले. तथापि त्यामुळे मनाई हुकूम देण्याचा अधिकार प्राप्त होत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये इंडियन ओव्हरसीज बँकेच्या कर्मचाऱ्यांच्या प्रकरणी दिला.

८९ व्या घटनादुरुस्तीनुसार २००४ मध्ये जाती व जमाती यांसाठी आयोग वेगळे झाले. जमातींच्या प्रश्नांना स्वतंत्र व्यासपीठ लाभले, हे योग्यच झाले. परंतु विभाजनानंतरच्या रचनेत महाराष्ट्र व गोवा यांसाठी अनुसूचित जाती आयोगाचे कार्यालय पुण्यास राहिले, तर अनुसूचित जमाती आयोगाच्या बाबतीत महाराष्ट्र भोपाळच्या प्रादेशिक कार्यालयाशी जोडला गेला. ज्या राज्यात स्टार्ट समितीने आदिवासी व दलित यांची गाऱ्हाणी एकाच अहवालात नोंदविली होती, तेथील गडचिरोलीच्या आदिवासीस आपले गाऱ्हाणे आयोगाच्या कार्यालयात स्वतः मांडावयाचे तर राज्याबाहेरची वाट धरावी लागते.