पोषणशिक्षणाचे मूल्यमापन कोणाच्या मापाने?

गरिबांची मुले खुरटतात का, या प्रश्नाला स्वतंत्र भारताच्या नियोजनकारांनी दोन उत्तरे दिली. एक, घरात पुरेसे अन्न नाही. दुसरे, आईला आहाराचे ज्ञान नाही. पहिले उत्तर मान्य केले की जमीन, मजुरी आणि जात यांना हात घालावा लागतो. दुसरे मान्य केले की भिंतीवर तक्ता टांगून भागते. पोषणशिक्षणाचा गेल्या साठ वर्षांचा इतिहास हा मुख्यतः दुसऱ्या उत्तराचा इतिहास आहे, आणि त्याचे मूल्यमापनही त्याच उत्तराच्या सोयीने होत आले आहे.

१९६३ पासून युनिसेफ, अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या मदतीने उपयोजित पोषण कार्यक्रम देशभर पसरला. परसबाग, कोंबड्या, तळ्यातील मासे आणि महिला मंडळात पाककृतींची प्रात्यक्षिके असे त्याचे स्वरूप होते. कल्पना वाईट नव्हती. पण परसबागेला परस लागतो आणि पाणी लागते. ज्या माणसाचे घर गावकुसाबाहेर, दुसऱ्याच्या बांधाला टेकून उभे आहे, ज्याच्या बायकोला विहिरीवर लांबून ओंजळ पुढे करावी लागते, त्याने पालक कुठे लावायचा? किती बागा झाल्या, किती प्रात्यक्षिके झाली, हे मोजणे सोपे असते. त्या बागा कोणत्या आळीत झाल्या, हा रकाना मात्र आखलाच जात नाही.

शास्त्र तर तेव्हाच वेगळे बोलू लागले होते. साठच्या दशकात ‘प्रथिनांची तूट’ हा परवलीचा शब्द होता. डॉ. पां. वा. सुखात्मे आणि हैदराबादचे डॉ. सी. गोपालन यांनी दाखवून दिले की मूळ तूट एकूण अन्नाचीच आहे. पोटभर भाकरी-डाळ मिळाली तर प्रथिनांची गरज बरीचशी भागते. १९७१ मध्ये वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी दारिद्र्याची रेषा उष्मांकांवर आखली. म्हणजे अज्ञानाचा सिद्धान्त तेव्हाच डळमळला होता. पुढे वारे फिरले. शरीर कमी अन्नाशी जुळवून घेते, असे खुद्द सुखात्मे मांडू लागले. ऐंशीच्या दशकात डेव्हिड सेक्लर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने ‘लहानखुरे पण निरोगी’ अशी उपपत्ती पुढे आणली आणि गोपालन यांनी तिचा कडाडून विरोध केला. माप लहान केले की भूकही लहान दिसते. हा वाद म्हणूनच आपल्या मुलांच्या हक्काचा होता.

अंगणवाडी या शब्दाचाही इतिहास आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केले. वस्तीतली मुले बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडीनेच त्यांच्या अंगणात जावे, हा त्यामागचा विचार. २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांनिशी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. तिने नाव घेतले. अंगण मात्र अनेक गावांत सवर्णांचेच राहिले. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर, आज इतिहास शिकवतो. लहानपणी आमच्या गावची अंगणवाडी मारुतीच्या देवळामागे होती. तिथल्या तक्त्यावर सफरचंद, द्राक्षे आणि दुधाचा पेला होता. आई तो बघून म्हणाली होती, “ह्यातलं आज रातच्याला काय शिजवू?” योजनेचे याहून नेमके मूल्यमापन मी अजून वाचलेले नाही.

तक्त्यावर काय नव्हते, हेही पाहावे. आपल्या वस्त्यांतील सर्वांत स्वस्त प्रथिन, मोठ्याचे मांस, त्यावर कधीच आले नाही. शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) या पुस्तकाने मराठवाड्यातील महार-मांगांचे अन्न छापील पानावर आणले. त्याच वर्षी राज्यात गाईपाठोपाठ बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळेच्या जेवणात आठवड्याला एक अंडे देण्याचे ठरले. जानेवारी २०२५ मध्ये शासनाने त्याचा निधी थांबवला. पोषणशिक्षणाचा खरा अभ्यासक्रम असा ताटाबाहेर ठरतो.

येथे कोणी विचारील, बाबासाहेबांनीही १९२७ साली महाडला मृतमांस आणि उष्टे सोडायला सांगितले नव्हते काय? सांगितले होते. परंतु तो उपदेश चवदार तळ्याच्या पाण्यावरील हक्कासोबत आला. आहाराचा प्रश्न तेथे माणूसपणाच्या प्रश्नाशी जोडलेला होता. शासनाने उपदेश ठेवला आणि हक्क गाळला.

शिक्षण निरुपयोगी आहे, असे माझे म्हणणे नाही. पहिले चीकदूध बाळाला पाजावे, सहा महिन्यांनंतर वरचे अन्न द्यावे, हगवणीत साखर-मिठाचे पाणी द्यावे, या ज्ञानाने जीव वाचतात. जामखेडला १९७० पासून रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी हेच ज्ञान खेड्यातल्या निरक्षर, अनेकदा दलित, बायांच्या हाती दिले. जोडीला पाणी आणि उत्पन्नाचाही विचार केला. तिथे शिकवणारी बाई आणि शिकणारी बाई यांच्यामध्ये जातीची भिंत उभी राहू दिली नाही.

आता आकडे पाहू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात २०१५-१६ मध्ये पाच वर्षांखालील ३४.४ टक्के मुले खुरटलेली होती. २०१९-२१ मध्ये ३५.२ टक्के. उंचीच्या मानाने वजन कमी असलेली तेव्हा २५.६ टक्के, नंतरही २५.६ टक्केच. मधल्या काळात, २०१८ मध्ये, पोषण अभियान सुरू झाले होते.

यापुढे कोणत्याही कार्यक्रमाला तीन प्रश्न विचारले पाहिजेत. केंद्र कोणाच्या अंगणात आहे? अन्न कोण शिजवते आणि ते कोण खात नाही? सांगितलेला आहार त्या घराच्या मजुरीत बसतो काय? सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये दलित-आदिवासी वस्त्यांत अंगणवाड्या आणि शालेय भोजनाच्या कामात दलित-आदिवासी स्वयंपाकिणींना प्राधान्य देण्यास सांगितले, ते या प्रश्नांमुळेच. हे रकाने ज्या अहवालात नाहीत, तो अहवाल आपल्या मुलांविषयीचा नव्हे.