तीन वर्षांची मुदत

आमच्या जळगाव जामोदच्या घरात आजोबांची एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात एकाच कुळाचे तीन रोखे सापडले : 1921, 1924 आणि 1927 सालचे. रक्कम 80 रुपये, मग 125, मग 190. पहिल्या दोन रोख्यांवर आडवी रेघ मारलेली. मधल्या काळात नवं कर्ज दिल्याची नोंद नाही. मग रक्कम वाढली कशी, आणि दर तीन वर्षांनीच कागद का पालटला?

याचं उत्तर मुदतीच्या कायद्यात आहे. पूर्वी सावकार ऋणकोच्या दारात धरणं धरून बसे. 1860च्या दंडसंहितेने देवाच्या कोपाची भीती घालणारं असं धरणं गुन्हा ठरवलं. वसुलीची वाट कोर्टातून जाऊ लागली आणि तिला मुदत पडली. 1859च्या कायद्याने साध्या रोख्याला तीन वर्षं दिली. हेतू चांगला होता : जुने कागद काढून कुणी कुणाला छळू नये. पण मुदत भरत आली की सावकारापुढे दोनच मार्ग उरत. दावा लावायचा, नाहीतर व्याज मुद्दलात घालून नवा रोखा करून घ्यायचा. ऋणकोला वाचवणारी मुदतच त्याचं कर्ज फुगवू लागली.

12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला केला. तिथून पसरलेल्या दंग्यांत लोकांचा रोख मुख्यतः रोख्यांवरच होता. चौकशी आयोगानेही या मुदतीकडे बोट दाखवलं. 1879च्या दख्खन शेतकरी कायद्याने साध्या रोख्याची मुदत सहा वर्षं, नोंदणी झालेल्याची बारा वर्षं केली. तो कायदा पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांचा. वऱ्हाड त्यात नव्हतं.

वऱ्हाड तर स्वतःच देण्यापायी गेलेला मुलूख. कंटिंजंट फौजेचा खर्च थकला म्हणून 1853 साली निजामाने तो कंपनीच्या हवाली केला. 1860 साली बाकी माफ झाली, तरी मुलूख परत मिळाला नाही. 1902 साली 25 लाखांच्या वार्षिक खंडावर तो कायमचा इंग्रजांकडे राहिला. इथल्या कास्तकाराच्या रोख्याला मात्र तीन वर्षांची मुदत होती.

हुकूमनामा झाला तरी सगळंच जप्त करता येत नसे. 1908च्या दिवाणी संहितेच्या कलम 60ने कास्तकाराची अवजारं, गरजेपुरते बैल, बियाणं, स्वयंपाकाची भांडी, बाईचं मंगळसूत्र वगळलं. शेत वगळलं नाही. बैल दावणीला राहत आणि शेत लिलावात जाई. 1933 साली मध्यप्रांतात कर्ज समेट मंडळांचा कायदा आला, 1939 साली मध्यप्रांत-वऱ्हाडचा कर्जनिवारण कायदा. तोवर पुष्कळ शेतं गेलेली होती.

आमच्या पेटीत 1930चा रोखा नाही. त्या सुमारास जागतिक मंदीत कापसाचे भाव कोसळले होते. आजोबांनी ना दावा लावला, ना कागद पालटला. माणुसकी म्हणून, की 190 रुपयांपायी कोर्टखर्च परवडला नाही म्हणून? ते सांगणारं आता कुणी नाही. मुदत गेली आणि कागद निकामी झाला.

कायद्यातली एक गोष्ट मात्र मला उशिरा कळली. मुदत संपली की कोर्टात दाद मागता येत नाही, पण ऋण नाहीसं होत नाही. म्हणूनच मुदतबाह्य देणं फेडण्याचं लेखी वचन 1872चा करार कायदा वैध मानतो.

माझ्या लहानपणी दर संक्रांतीच्या सुमारास एक कास्तकार ज्वारीचं पोतं आमच्या ओसरीवर टाकून जाई. वडील त्याला चहा पाजत, पोत्याबद्दल बोलत नसत. मला ती ओळखीखातर दिलेली भेट वाटे. 1927च्या रोख्याखाली अंगठा आहे, त्याच्या बाजूला त्या कास्तकाराच्या वडिलांचं नाव आहे. ते पोतं मागायचा हक्क कुठल्याही कोर्टाने आम्हाला दिला नसता. आमच्या एकाही वहीत त्याची जमा नाही. ती इथे करून ठेवतो.