कोल्ड स्टोरेजमधला अमोनिया : वास आला की बाहेर पडा



मँचेस्टरला शिकायला येणारी आपली बरीच मुले रात्रपाळीला कोल्ड स्टोरेजमध्ये किंवा अन्नप्रक्रिया कारखान्यांत काम करतात. गेल्या स्नेहसंमेलनात एक विद्यार्थी सहज बोलून गेला, "कधीकधी उग्र वास येतो, पण दहा मिनिटांत सवय होते." आम्ही चरकलो. आज संगणकवाले असलो तरी इंजिनीअरिंगला रेफ्रिजरेशनचा पेपर आम्हीही दिला आहे. वास येईनासा झाला म्हणजे वायू गेला असे नव्हे, नाक सरावते!

धोका किती?

मोठ्या शीतयंत्रणांत अमोनिया वापरतात, कारण तो स्वस्त आणि कार्यक्षम आहे. ब्रिटनमध्ये हवेतील त्याची मर्यादा आठ तासांच्या सरासरीला दशलक्षात २५ भाग, तर १५ मिनिटांसाठी ३५ भाग आहे. ३०० भागांना जिवावर बेतू शकते. कॅनडातील फर्नी गावच्या बर्फाच्या रिंकवर ऑक्टोबर २०१७ मध्ये गळतीने तिघे दगावले. ऑगस्ट २०२४ मध्ये दौंड तालुक्यातील भांडगावच्या अन्नप्रक्रिया कारखान्यात १७ कामगारांना रुग्णालयात न्यावे लागले.

गळती का होते?

यंत्रणेतून तेल काढताना झालेली चूक, गंजलेले पाइप, फोर्कलिफ्टची धडक. म्हणून वायूशोधक, वायुवीजन, आपोआप बंद होणारे व्हॉल्व्ह आणि प्रशिक्षित माणसे हवीत. ही जबाबदारी मालकाची. पहिल्याच दिवशी अलार्मचा आवाज, बाहेरचे दरवाजे आणि जमण्याची जागा विचारून घ्या.

गळती झाली तर

* काम टाकून बाहेर पडा. सामान घ्यायला थांबू नका.
* अमोनिया हवेपेक्षा हलका, पण गळताना थंड पांढऱ्या धुक्यासारखा जमिनीलगत पसरू शकतो. त्या धुक्यात शिरू नका. वाऱ्याला आडवे जाऊन मग वारा येतो त्या बाजूला थांबा.
* ९९९ ला फोन करा. कोणी आत राहिले असेल तर अग्निशमन दलाला सांगा, स्वतः आत जाऊ नका.
* डोळ्यांत गेल्यास किमान १५ मिनिटे पाण्याने धुवा. कपडा कातडीला गोठून चिकटला असेल तर ओढू नका, आधी पाणी ओता.

नोकरी जाईल ही भीती?

गंभीर आणि तातडीचा धोका आहे असे वाजवीपणे वाटून जागा सोडली, तर त्याबद्दल त्रास देता येत नाही. एम्प्लॉयमेंट राइट्स ॲक्ट १९९६ च्या कलम ४४ चे हे संरक्षण ३१ मे २०२१ पासून कायम नोकरीत नसलेल्या 'वर्कर'नाही आहे.

आपल्या घरी पेइंग गेस्ट असलेल्या मुलांना हे जरूर वाचायला द्या. पगार पुढच्या आठवड्यातही मिळेल.