वाचक संपादक ('द हिंदू', चेन्नई)
मद्रासमध्ये १८७८ साली सुरू झालेल्या 'द हिंदू' या इंग्रजी दैनिकाने २००६ मध्ये निर्माण केलेले पद. पहिले वाचक संपादक के. नारायणन, पुढे एस. विश्वनाथन, ए. एस. पन्नीरसेल्वन. लंडनच्या 'गार्डियन'मध्ये असे पद १९९७ पासून होते. वाचकांच्या तक्रारींची शहानिशा करून चूक छापून मान्य करणे, हे मुख्य काम. चुकलेले आडनाव, आकडा, छायाचित्राखालची ओळ यांचीही दुरुस्ती ठरावीक सदरात येई. बातमी देणाऱ्यांनीच स्वतःचा न्याय करू नये, हे या व्यवस्थेचे मर्म. भारतीय वृत्तपत्र परिषद ताकीद देऊ शकते, दंड करू शकत नाही. म्हणून वृत्तपत्राने घरातच नेमलेला असा स्वतंत्र तपासनीस मोलाचा. मराठी दैनिकांत मात्र हे पद रुजले नाही, ही मोठी उणीव आहे.