ढोलकी तीच, पण...

श्रोतेहो, गोंदिया शहराला लागूनच फुलचूर आहे. एप्रिलची १४ तारीख आली की या मुलखातल्या वस्त्यांतून ढोलकी कडाडते, पेटीचे सूर निघतात आणि बुद्ध, कबीर, फुले, आंबेडकर यांची गाणी रात्री उशिरापर्यंत चालतात. तुम्ही म्हणाल, ही तर करमणूक झाली. पण या गाण्यांमागे मोठा इतिहास आहे.

जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये पुण्यात सत्यशोधक समाज स्थापला. पुढे कार्यकर्त्यांना अडचण पडली ती अशी की, ज्याला वाचता येत नाही त्याला विचार सांगावा कसा? तमाशा मात्र खेडोपाडी ठाऊक होता. त्यांनी तोच साचा घेतला आणि आतला मजकूर पालटला. सावकारी, अंधश्रद्धा, शिक्षण हे विषय बतावणीत आले. हाच सत्यशोधक जलसा.

१९२७ साली महाडला आणि १९३० साली नाशिकला काळाराम मंदिरापुढे सत्याग्रह झाले. त्याच सुमारास नाशिककडे भीमराव कर्डक आणि त्यांचे सोबती आंबेडकरी जलसा घेऊन गावोगाव फिरू लागले. इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. गावाने हुकूम करावा आणि अस्पृश्यांनी वाजवावे, नाचावे, ही पूर्वापार रीत होती. कला होती, मान नव्हता. म्हणून बाईला नाचवणे जलशाने वर्ज्य केले. ढोलकी तीच, हातही तेच; पण आता ती कुणाच्या हुकमाने वाजत नव्हती. फरक एवढाच, पण केवढा!

वामनदादा कर्डकांचेच पाहा. १९२२ मध्ये सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीला जन्म. शाळा नाही. मोठेपणी मुंबईत अक्षरे शिकले आणि १९४३ पासून गाणी रचू लागले. २००४ मध्ये वारले तोवर हजारो लोकांच्या तोंडी त्यांची गाणी झाली होती.

आपल्या भागाचाही याच्याशी संबंध आहे. गोंदिया १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यात होते. त्याच भंडाऱ्यातून १९५४ साली बाबासाहेब लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले. दोनच वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ ला, नागपूरला लाखो लोकांनी त्यांच्यासोबत धम्मदीक्षा घेतली. त्याच वर्षी दूर अमेरिकेत, माँटगोमेरी शहरात, कृष्णवर्णीय लोक बसवर बहिष्कार टाकून पायी चालत होते. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या सभा चर्चमध्ये भरत, आणि त्याही गाण्यांनी सुरू होत. दबलेला माणूस बोलण्याआधी गाऊ लागतो, तो असा.

शिक्षकबंधूंनो, आज ध्वनिक्षेपक मोठे झाले आहेत, पण जुन्या गायकांच्या वह्या कोठीत पडून आहेत. काहींची गाणी तर वहीतही नाहीत, नुसती तोंडपाठ आहेत. तेव्हा यंदा मुलांना अशा एखाद्या आजोबांकडे, आजीकडे पाठवा. गाणे कुणी रचले, चाल कुठली, प्रथम कधी म्हटले, एवढे तरी उतरवून घ्यायला सांगा. ज्यांना शाळा मिळाली नाही त्यांनी गाण्यातून इतिहास सांभाळला. आता तो लिहून ठेवणे हे शाळेचे काम आहे.