श्वासाची राखण

पीएपीआर हे रुग्णालयातील कर्मचाऱ्याला जंतुविरहित हवा पुरवणारे, अंगावर वागवायचे यंत्र आहे. कमरेच्या पट्ट्याला अडकवलेला ब्लोअर खोलीतली हवा ओढतो, दाट फिल्टरमधून पार करतो आणि जाड नळीवाटे डोक्यावरच्या हूडमध्ये सोडतो. हूडमधला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त राहतो. त्यामुळे कडेला बारीक फट राहिली तरी तिथून हवा बाहेर पडते, खोलीतली हवा आत शिरत नाही. एन-95 मास्कची सारी मदार तो चेहऱ्याला किती घट्ट बसतो यावर असते. पीएपीआरमध्ये ती मोटर, बॅटरी आणि फिल्टर यांच्यावर येते. म्हणजेच पाळी सुरू होण्याआधी ज्याने हे तिन्ही तपासले, त्याच्यावर येते. संसर्गाच्या इतिहासात डॉक्टरांची आणि लसींची नावे नोंदली गेली. यंत्र पुसून, तपासून, चार्ज करून ठेवणाऱ्यांची गेली नाहीत. या इतिहासातली ही मोठी उणीव आहे.

यंत्र येण्याआधी शंभर वर्षे रोग्याजवळच्या हवेपासून बचाव करण्याचे काम घरांच्या भिंती, अंगणे आणि रस्ते करत होते. म्हैसुरातले चामराजपुरम त्याच काळाची आठवण आहे. 1896 च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी प्लेग ओळखला. 1898 च्या ऑगस्टमध्ये तो बंगळुरात आणि तिथून म्हैसूर संस्थानभर पोचला. मुंबईत 1898 साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, म्हैसुरात 1903 साली तशाच धर्तीचे मंडळ आले. दाटीच्या गल्ल्या फोडायच्या, गटारे बांधायची आणि जुन्या गावाबाहेर रुंद रस्त्यांच्या वस्त्या आखायच्या, हे त्याचे काम होते. राजवाड्याच्या नैऋत्येला, नंजनगूडकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर वसलेले चामराजपुरम अशाच आखीव वस्त्यांपैकी. दोन घरांमधली मोकळी जागा आणि वाहता वारा यांवर त्या काळच्या आरोग्यविचाराची मोठी भिस्त होती.

सेवा करणाऱ्यांसाठी मात्र वेगळी अशी काहीच सोय नव्हती. पुण्यात सावित्रीबाई फुले यांनी प्लेगने आजारी मुलाला पाठीवर घेऊन मुलगा यशवंत याच्या दवाखान्यात नेले. त्यांनाही लागण झाली आणि 10 मार्च 1897 रोजी त्यांचे निधन झाले. हिंदुस्थानातला प्लेग बहुतांशी गाठीचा होता. 1898 साली पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत उंदरांवरच्या पिसवांचा संबंध दाखवून दिला. त्यानंतर लक्ष उंदरांवर गेले आणि श्वासाचा प्रश्न मागे पडला. तो पुढे आला मांचुरियात. 1910-11 च्या हिवाळ्यात तिथे फुप्फुसाचा प्लेग पसरला आणि डॉ. वू ल्यन-ते यांनी कापूस व जाळीदार कापडाच्या थरांचा मास्क सक्तीचा केला. त्यांचे म्हणणे न मानता उघड्या तोंडाने रोगी तपासणारे फ्रेंच डॉक्टर मेनी काही दिवसांतच दगावले. रुग्णसेवकाच्या तोंडावरचे आवरण हे उपचाराइतकेच गंभीर काम आहे, हे त्या मृत्यूने वैद्यकाला शिकवले. शिकवण टिकायला मात्र बराच काळ गेला.

म्हैसुरात श्वासातून पसरणारा मुख्य रोग क्षय हाच होता. महाराजा नाल्वडी कृष्णराज वोडेयर यांच्या भगिनी कृष्णाजम्मण्णी क्षयाने गेल्या, त्यांच्या मुलींनाही त्याच रोगाने ओढून नेले. त्यांच्या स्मरणार्थ शहराबाहेर, आज केआरएस रोड म्हणतात त्या रस्त्यावर, 1921 साली क्षयरोग्यांचे आरोग्यधाम उभे राहिले. पीकेटीबी या आद्याक्षरांनीच ते ओळखले जाते. आरोग्यधामात हवा हीच मुख्य सोय होती: लांब व्हरांडे, उंच छत, समोरासमोर खिडक्या, झाडांमधली जागा. मिरजेजवळच्या वानलेसवाडीच्या आरोग्यधामातही हाच विचार होता. त्याचा फायदा रोग्याइतकाच नर्स आणि वॉर्डबॉयलाही मिळे, कारण वाऱ्याने खोकल्यातले कण पातळ होत. आज खोलीतली हवा तासाला किती वेळा बदलते हे मोजतात. जुन्या व्हरांड्याने तो आकडा न मोजताच गाठला होता.

स्ट्रेप्टोमायसिन आणि त्यानंतरच्या औषधांनी ही व्यवस्था विस्कटली. 1956 साली मद्रासमध्ये सुरू झालेल्या अभ्यासातून घरी राहून औषध घेतले तरी क्षय बरा होतो हे 1959 मध्ये सिद्ध झाले. ही मोठीच गोष्ट होती. पण आरोग्यधामे रिकामी होऊ लागली, क्षयाचा रोगी सामान्य वॉर्डात, बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत येऊ लागला. व्हरांडा गेला, त्याच्या जागी काही आले नाही. सेवकांच्या फुप्फुसांची जबाबदारी इमारतीकडून निघाली ती बराच काळ कोणाकडेच नव्हती.

प्रयोगशाळांमधली गत काही निराळी नव्हती. 1957 साली तत्कालीन म्हैसूर राज्यातल्या शिवमोग्गा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि माणसांना ताप येऊ लागला. शोध घ्यायला पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरचे लोक गेले. 1952 साली सुरू झालेली हीच संस्था पुढे राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था म्हणून नावारूपाला आली. त्यांनी गोचिडीतून पसरणारा नवा विषाणू शोधला. जंगलात गोचिडी चावून पसरणारा हा रोग प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांनाही झाला. म्हैसूर आणि पुणे यांना जोडणारे हे प्रकरण जैवसुरक्षेच्या इतिहासात अधिक ठळकपणे सांगायला हवे.

अंगावर वागवायचे, मोटरने हवा पुरवणारे यंत्र रुग्णालयात जन्मले नाही. त्याचा दाट फिल्टर दुसऱ्या महायुद्धातल्या अणुबाँबच्या प्रकल्पातून आला, किरणोत्सारी धूळ रोखण्यासाठी. आज ‘हेपा’ म्हणतात तो फिल्टर 0.3 मायक्रॉन आकाराच्या कणांपैकी 99.97 टक्के अडवतो. मोटर आणि टोप यांची जोडी 1970 च्या दशकात ब्रिटनमध्ये कोळशाच्या धुळीत काम करणाऱ्यांसाठी आली: शिरस्त्राणातच पंखा, चेहऱ्यासमोर काच, कमरेला बॅटरी. रुग्णालयाने ते फार उशिरा घेतले. 1980 च्या दशकाअखेर अमेरिकेतल्या रुग्णालयांत औषधांना न जुमानणारा क्षय पसरला आणि त्यात कर्मचारी सापडले. 1990 आणि 1994 साली तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने श्वसनसंरक्षणाचे नियम दिले, 1995 साली एन-95 हा दर्जा ठरला. 2003 च्या सार्समध्ये जगभरात नोंदलेल्या 8,096 रुग्णांपैकी 1,706 आरोग्यसेवक होते. 2014 मध्ये इबोलाच्या रुग्णाजवळ जाणाऱ्यांना एन-95 किंवा पीएपीआर वापरण्याची सूचना निघाली आणि पीएपीआर अतिदक्षता विभागात स्थिरावला.

त्याच्या फायद्यांपैकी एक आपल्याकडे विशेष लागू पडतो. दाढी असली की एन-95 चेहऱ्याला घट्ट बसत नाही, त्यामुळे धर्मामुळे दाढी राखणाऱ्या डॉक्टरांसमोर धर्म की कर्तव्य असा पेच उभा राहतो. सैल हूड असलेला पीएपीआर हा पेच सोडवतो. अमेरिकन नियमांनुसार एन-95 ला 10 पट, तर सैल हूडच्या पीएपीआरला किमान 25 पट संरक्षण धरले जाते. उणिवाही आहेत. पंख्याच्या आवाजात रोग्याचे बोलणे नीट ऐकू येत नाही, हूडमुळे स्टेथोस्कोप कानाला लावता येत नाही. वापरणाऱ्याचा उच्छ्वास गाळला न जाताच बाहेर पडतो, म्हणून निर्जंतुक शस्त्रक्रियेत तो सरसकट चालत नाही.

देखभालीचे काम इथून सुरू होते आणि ते पाळीगणिक करावे लागते. पहिली तपासणी हवेच्या प्रवाहाची. घट्ट बसणाऱ्या मास्कला मिनिटाला किमान 115 लिटर आणि सैल हूडला 170 लिटर हवा मिळाली पाहिजे, असा दंडक आहे. यंत्रासोबत येणाऱ्या छोट्या पारदर्शक नळीत चेंडू किंवा तरंगणारा तुकडा असतो. ब्लोअर चालू करून तो खुणेच्या वर तरंगतो का ते पाहतात. खुणेखाली राहिला तर कारण तीनपैकी एक: फिल्टर भरला आहे, बॅटरी उतरली आहे किंवा नळी मुरडली आहे. धापा टाकत जिना चढणाऱ्याचा श्वास प्रवाहापेक्षा जास्त झाला तर हूडमधला दाब क्षणभर पडतो आणि बाहेरची हवा आत ओढली जाते. म्हणून ही तपासणी टाळून चालत नाही.

त्यानंतर बॅटरी. पूर्वीच्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्या अर्ध्यावर चार्ज केल्या की हळूहळू त्यांची क्षमता घटे, म्हणून त्या पूर्ण उतरवून मग भरण्याची पद्धत होती. लिथियम-आयनने ती कटकट संपवली. पण नवे नियम आले: महिनोन्महिने पूर्ण रिकामी ठेवायची नाही, गरम जागी ठेवायची नाही, फुगलेली दिसली की लगेच बाजूला काढायची. बॅटरीने किमान चार तास प्रवाह टिकवावा ही अपेक्षा असते. सहा तासांच्या पाळीला दुसरी बॅटरी तयार हवी, आणि ती संसर्गित खोलीत जाऊन बदलता येत नाही.

स्वच्छता हा सर्वांत चिवट भाग. ब्लोअर पाण्यात बुडवायचा नाही, फिल्टर धुवायचा नाही, हूडची काच तीव्र द्रावणाने पुसायची नाही, नाहीतर ती धुरकट होते आणि तडे जातात. वापर झाल्यावर कपडे काढण्याच्या खोलीत, जिला आपल्या रुग्णालयांत सरळ ‘डॉफिंग’ म्हणतात, यंत्र पट्ट्यासह उतरवतात. मग हूड, नळी आणि बाहेरचा भाग ठरलेल्या क्रमाने जंतुनाशकाने पुसतात. जंतुनाशक ओले राहण्याचा ठरलेला वेळ पाळावा लागतो. घाईत कोरडे केले तर पुसणे वाया जाते. नंतर सगळे भाग सुकवतात, नळी न मुरडता टांगतात आणि यंत्राच्या क्रमांकासमोर तारीख, फिल्टरचा दिवस आणि पुसणाऱ्याची सही नोंदवतात. ज्या रुग्णालयात सीएसएसडी (मध्यवर्ती निर्जंतुकीकरण विभाग) आणि बायोमेडिकल विभाग दोघेही आपापली हद्द ओळखून हे काम वाटून घेतात, तिथे यंत्र दीर्घकाळ चालते. जिथे ते ‘ज्याने वापरले त्याने’ करायचे असते, तिथे यंत्र कपाटात सडते.

महाराष्ट्रात श्वसनसंरक्षणाचा प्रश्न जनतेसमोर आला तो अनेक टप्प्यांत. 1994 मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात आधी प्लेगचे रुग्ण आढळले आणि सप्टेंबरात सुरत शहरात फुप्फुसाच्या प्लेगची भीती पसरली; रस्त्यांवर लोक तोंडाला रुमाल बांधून हिंडले. 2009 च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला. तिथल्या नायडू रुग्णालयासमोर रांगा लागल्या, औषधांच्या दुकानांतून मास्क गायब झाले. तिथे तपासणी करणारे कर्मचारी दिवसभर एकच मास्क घालून राहिले असतील तर नवल नाही, कारण मागणी आणि पुरवठा यांचा मेळच नव्हता.

2020 ने पुणे आणि म्हैसूर ही दोन्ही शहरे एकाच प्रश्नापुढे उभी केली. महाराष्ट्रातले पहिले कोविड रुग्ण 9 मार्च रोजी पुण्यात आढळले आणि नायडू रुग्णालयात दाखल झाले. त्याच महिन्याअखेर म्हैसूर जिल्ह्यातल्या नंजनगूड इथल्या औषध कारखान्यातून संसर्गाची साखळी पुढे आली. म्हैसुरात कोविडसाठी नेमलेले जिल्हा रुग्णालय त्याच केआरएस रोडवर, क्षयाच्या जुन्या आरोग्यधामाच्या परिसरात आहे. 1921 मध्ये हवेसाठी निवडलेली ती जागा 99 वर्षांनी पुन्हा श्वासाच्या रोगाला उपयोगी पडली. मधल्या काळात सेवकांच्या अंगावर व्हरांड्याची हवा नव्हे, तर बंद पीपीई किट आले होते. एसी बंद असलेल्या वॉर्डात सहा तास घामाने निथळणे, पाणी न पिणे, डोळ्यांवर धुके साचणे हे देशभरातल्या नर्सचे रोजचे जगणे झाले. पीएपीआर मोजक्याच रुग्णालयांत होते. बहुतेकांनी किट आणि एन-95 यांवरच दिवस काढले.

या गैरसोयीवर पुण्यामुंबईने शोधलेला एक उपाय लक्षात ठेवण्याजोगा आहे. मुंबईच्या के. जे. सोमय्या अभियांत्रिकी महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला शिकणारा निहाल सिंग आदर्श याने पुण्यात डॉक्टर असलेल्या आपल्या आईचे हाल पाहून ‘कोव्ह-टेक’ हे यंत्र बनवले. पीपीई किटवर कमरेच्या पट्ट्याप्रमाणे बसणारे हे यंत्र भोवतालची हवा गाळून किटमध्ये सोडते आणि 100 सेकंदांत आतली हवा ताजी करते. 2021 मध्ये त्याची किंमत 5,499 रुपये होती, बॅटरी सहा ते आठ तास चाले आणि पुण्यातल्या दोन रुग्णालयांत ते वापरात आले. परदेशी पीएपीआरच्या मानाने हा अत्यंत स्वस्त, आपल्या उन्हाळ्याला ओळखून केलेला विचार होता. उद्देश मात्र वेगळा: पीएपीआर मुख्यतः जंतू अडवतो, कोव्ह-टेक मुख्यतः किटमध्ये अडकलेल्या माणसाला हवा देते.

साथ ओसरल्यावरचे काम या साऱ्यात सर्वांत दुर्लक्षित आहे. कपाटात राहिलेल्या बॅटऱ्या काही महिन्यांनी भरून ठेवाव्या लागतात, फिल्टरच्या पाकिटावरची मुदत पाहावी लागते, हूडच्या लवचिक कडा कोरड्या पडून फाटत नाहीत ना हे तपासावे लागते, आणि नव्या भरतीच्या नर्सला यंत्र घालून उतरवण्याचा सराव द्यावा लागतो. निकामी बॅटरी साध्या कचऱ्यात जात नाही. 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. वापरलेला फिल्टर संसर्गित समजून जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिशवीत बांधला जातो आणि नोंदवहीत त्याच्या जागी नव्या फिल्टरचा क्रमांक चढतो.