दोन भाऊ आणि दोन जंत

१९२२ सालची गोष्ट. शिमेसु कोइनो नावाच्या एका जपानी बालरोगतज्ज्ञाने जंताची २,००० अंडी स्वतः गिळली आणि आपल्या धाकट्या भावाला ५०० गिळायला दिली. थोरल्याने घेतली ती माणसाच्या जंताची होती. धाकट्याने घेतली ती डुकराच्या जंताची. काही दिवसांतच कोइनोला न्यूमोनियासारखा ज्वर भरला आणि त्याच्या थुंकीत जंताच्या अळ्या सापडल्या. आतड्यात अंड्यातून निघालेली अळी यकृतातून फुप्फुसात जाते, तेथून घशापर्यंत चढते आणि गिळली जाऊन पुन्हा आतड्यात उतरते, हे माणसाच्या देहातच उघड झाले. थोरल्याचे हे साहस इतिहासात राहिले. धाकट्याच्या वाट्याचा प्रश्न मात्र त्याहून चिवट ठरला : डुकराचा जंत माणसाला खरोखर परका आहे काय?

प्रश्न तसा जुनाच. लिनिअसने १७५८ साली माणसाच्या जंताचे नामकरण केले. १७८२ साली गोएत्से या जर्मन धर्मोपदेशकाने डुकराच्या जंताला निराळे नाव दिले. नावे दोन झाली; पण दोन्ही जंत शेजारी ठेवले तर भिंगातूनही ते वेगळे ओळखणे अवघड. दोघेही फिकट, वीतभर किंवा त्याहून लांब. दोघांच्याही माद्या दिवसाला लाखांनी अंडी घालणाऱ्या. तेव्हा जंत कोणाच्या पोटातून निघाला, यावरूनच त्याची जात ठरत असे.

पुढे १९७० साली कॅनडात चार विद्यार्थ्यांच्या अन्नात कोणीतरी हेतुपुरस्सर डुकराच्या जंताची अंडी मिसळली. चौघेही फुप्फुसाच्या विकाराने गंभीर आजारी पडले. परका म्हणवणारा हा पाहुणा माणसाच्या देहात चांगलाच शिरू शकतो, हे त्यावरून दिसले.

१९९० नंतर जंतांची जनुके तपासता येऊ लागली, आणि मोठा चमत्कारिक प्रकार उघडकीस आला. ग्वाटेमालातील खेड्यांत माणसे आणि डुकरे एकाच अंगणात वावरतात. तेथे दोघांचे जंत बव्हंशी आपापल्या घरी राहिलेले आढळले. उलट उत्तर अमेरिका, डेन्मार्क, ब्रिटन अशा देशांत, जेथे माणसाचा जंत जवळजवळ हद्दपार झाला होता, तेथे माणसांच्या पोटात सापडणारे जंत मुख्यतः डुकरांचे निघाले. पुढे २००७ साली ग्वाटेमाला आणि चीनमधील जंतांत थोडे संकरही आढळले. २०२० साली केन्यातील गावकऱ्यांच्या जंतांची समग्र जनुकसंहिता प्रसिद्ध झाली, तेव्हा तर तिच्यात दोन्ही घराण्यांचे धागे एकमेकांत विणलेले दिसले. रोटीव्यवहार निराळा असला, तरी बेटीव्यवहार चालूच होता!

मूळ घराणे कोणाचे, डुकराने माणसाला जंत दिला की माणसाने डुकराला, याचा वाद अजून मिटलेला नाही. पण हा वाद केवळ पंडितांचा नव्हे. आपल्या शाळांतून वर्षातून दोनदा मुलांना जंताची गोळी देतात. गोळीने पोट साफ होते. माती साफ होत नाही. ओल्या, सावलीच्या मातीत ही अंडी वर्षानुवर्षे तग धरतात. जेथे डुकराची विष्ठा खत म्हणून भाजीच्या वाफ्यात जाते, तेथे मुलाच्या पोटातील जंत संपला तरी शेजारच्या खुराड्यातला जिवंतच असतो. कोइनोच्या धाकट्या भावाने गिळलेला प्रश्न तो हाच.